एकवीस दिवसांची मुदतठेव

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसासमोर कुणी 'ठेवा' हा शब्द उच्चारला, की त्याचा हात आपोआप मुदतठेवीच्या फॉर्मकडे जातो. रक्कम किती, मुदत किती, वारस कोण, एवढं विचारलं की आमचं काम संपलं. त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून जेव्हा म्हटलं, "काळजीचं काही नाही, याला फक्त एकवीस दिवस शांत ठेवा," तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की मुदत कळली. आता व्याज काय?

ठेवायची रक्कम म्हणजे आमचे चिरंजीव. वय पावणेतीन वर्षं. नाव निनाद. बारशाच्या वेळी माझ्या मेहुण्यानं 'प्रशांत' हे नाव सुचवलं होतं. ते जुन्या वळणाचं म्हणून आम्ही एकमतानं हाणून पाडलं. नावात काय आहे, असं विचारणाऱ्या माणसाच्या घरी पावणेतीन वर्षांचं मूल नसावं.

घडलं ते असं. रविवारी दुपारी सौभाग्यवती एका डोहाळजेवणाला गेल्या होत्या, आई आत पडली होती आणि निनूचा चार्ज माझ्याकडे होता. मी फक्त दोन मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घातलं. तेवढ्यात चिरंजिवांनी दिवाणावरून खालच्या उशीवर सूर मारला. उशी सरकली, पाय मुरगळला. रडं ऐकून आई बाहेर आली, तेव्हा मी मोबाइल पाठीमागे लपवून उभा होतो.

नडगीच्या हाडाला बारीकशी पिळाची चीर गेली होती. या दुखण्याला इंग्रजीत 'टॉडलर्स फ्रॅक्चर' असं खास नावच आहे, म्हणजे नुकत्याच दुडूदुडू धावू लागलेल्यांचं फ्रॅक्चर. कॅनडातल्या क्ष-किरण तज्ज्ञांनी १९६४ साली ते वैद्यकाच्या दप्तरात नोंदवलं. पाय जरासा मुरगळला तरी एवढं होऊ शकतं, आणि चीर कधीकधी पहिल्या एक्स-रेत दिसतसुद्धा नाही. "तुमची चूक नाही हो," डॉक्टर म्हणाले. पण आमच्या धंद्यात असं नसतं. ज्याच्या खिडकीवर कॅश कमी भरली, त्याच्याच पगारातून ती वळती होते. मी मुकाट्यानं तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज टाकला. सौ. शाळेत शिक्षिका, तिच्या चाचणी परीक्षा तोंडावर आल्या होत्या. आईला तिच्या गुडघ्यांनी आधीच 'शांत' ठेवलेलं. उरलो मी.

पहिल्या दिवशी मी तोच उपाय केला जो हल्ली सगळं जग करतं. ज्या मोबाइलनं पाय मोडला, तोच मोबाइल निनूच्या हातात दिला. आणि काय सांगू, जादू झाली! आवाज बंद. हालचाल बंद. पापणीसुद्धा बंद होईना. मी निवांत चहा केला. संध्याकाळी सौ. घरी आली, दारातून तिनं मुलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हा असा का बसलाय? लाइट गेल्यासारखा?" मग तिनं जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला काढला. २०१९ च्या त्यांच्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी झालं तर उत्तमच. आमच्याकडे सकाळपासून साडेपाच तासांचा ओव्हरड्राफ्ट झाला होता. खातं तिथल्या तिथे गोठवण्यात आलं.

आता पुढे काय? कारकून माणूस अडला की एकच करतो. जुन्या फायली काढतो. आधी कुणी असं प्रकरण हाताळलंय का, ते पाहतो. निनू दुपारी झोपला की मी घराजवळच्या वाचनालयात जाऊ लागलो आणि जगात आजपर्यंत जायबंदी मुलांना बसतं कसं केलं गेलं, याचा शोध घेऊ लागलो. इतिहास हा माझा विषय नव्हे, मी बी.कॉम. पण ताळेबंद वाचता येणाऱ्याला इतिहास वाचता येतो. दोन्हीकडे गोम तळटिपांत असते.

सुरुवात पायापासूनच केली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मोडलेलं हाड बसवून त्याभोवती बांबूच्या कांबी किंवा मोह, उंबर, पिंपळ, पळस अशा झाडांच्या साली बांधायला सांगितलंय. इतकंच नव्हे, तर मुदतीचं कोष्टकही दिलंय. लहान वयात सांधा महिन्यात पक्का होतो, मध्यम वयात दुप्पट काळ लागतो, म्हातारपणी तिप्पट. ज्येष्ठ नागरिकांना जादा देण्याची पद्धत बँकांनी कुठून उचलली, ते मला त्या दिवशी समजलं. पुढे १८५१ साली मथाइसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरनं सुती पट्ट्यांत प्लास्टरची कोरडी पूड घासली, त्या पट्ट्या भिजवून गुंडाळल्या, आणि काही मिनिटांत दगडासारखं कडक होणारं बँडेज जगाला मिळालं. क्रिमियाच्या युद्धात पिरोगोव्ह या रशियन शल्यवैद्यानं ते जखमी सैनिकांवर भरपूर वापरलं. सुश्रुत, मथाइसन, पिरोगोव्ह, तिघेही थोर. पण प्लास्टर घातल्यावर रोग्यानं दिवसभर करायचं काय, याबद्दल माझ्या हाती लागलेल्या पानांत तिघेही चूप. सैनिक बिचारे निमूट पडून राहत असतील. पावणेतीन वर्षांचा सैनिक त्यांना भेटला नसावा.

खरी फाइल सापडली ती जर्मनीत. गींगेन नावाच्या गावी १८४७ साली मार्गारेट श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, उजवा हातही धड चालेना. दीड वर्षाची! निनूपेक्षा लहान. आणि तिच्या ठेवीला मुदतच नव्हती, जन्मभराचं बसणं. मोठी झाल्यावर ही बाई शिवण शिकली, तिनं लोकरी नमद्याच्या कपड्यांचं दुकान काढलं. १८८० च्या सुमाराला तिनं नमद्याचा एक छोटा हत्ती शिवला. कशासाठी? तर टाचण्या खोचून ठेवायला. पण तो घरोघरच्या मुलांनी पळवला आणि त्याला जवळ घेऊन झोपू लागली. त्या टाचण्यांच्या हत्तीमागून अस्वलं आली, माकडं आली, भलामोठा कारखाना उभा राहिला. जगभरच्या मुलांच्या कुशीतलं ते मऊ अस्वल ज्या घराण्यानं घडवलं, त्याचा पाया एका चालू न शकणाऱ्या मुलीनं घातला.

हे मी रात्री आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. सकाळी उठून पाहतो तर माझा एक पायमोजा गायब, आणि निनूच्या उशाशी एक करडा हत्ती. डोळे बटणांचे नव्हेत, दोऱ्यानं भरलेले. "बटण तोंडात घालतात रे," आई म्हणाली. दुसरा पायमोजा मी आशेनं जपून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी त्याची हत्तीण झाली.

मग मी चित्रकोड्याकडे वळलो. लंडनमध्ये १७६० च्या दशकात जॉन स्पिल्सबरी हा नकाशे कोरणारा कारागीर नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमेवरून करवतीनं कापू लागला. मुलांना भूगोल शिकवावा, हा त्याचा हेतू. पण तुकडे जुळवण्याची गोडी भूगोलापेक्षा मोठी ठरली. मी उत्साहानं बँकेचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर घेतलं, त्यावरच्या गायीचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि त्याचे चार मोठे तुकडे केले. (तुकडा नेहमी मुलाच्या मुठीपेक्षा मोठा हवा, हे मी शहाण्यासारखं लक्षात ठेवलं होतं.) निनूनं डोकं, पोट, पाय सगळं जुळवून गाय उभी केली आणि टाळ्या पिटल्या. तेवढ्यात सौ. आतून ओरडली, "अहो, ते गेल्या वर्षीचं कॅलेंडर कुठंय? दूधवाल्याचा मागचा सगळा हिशेब त्याच्या पाठीवर लिहिलाय!" त्या महिन्यात आम्ही दूधवाल्याला तो म्हणेल ते दिलं. गाय दोघांनाही लाभली.

कणकेची गोष्टही अशीच. प्ले-डो नावाचा रंगीत गोळा हल्ली डब्यांतून विकत मिळतो. मुळात तो खेळणं नव्हताच. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एक कंपनी भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसायला पिठाचा मऊ गोळा बनवत असे. घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या तोवर तो खपला. त्या गेल्या, भिंतीला धुता येणारे कागद आले, आणि कंपनी बुडायला लागली. मालकाच्या नात्यातली एक बालवाडीची शिक्षिका होती, के झूफॉल. तिनं तो गोळा मुलांच्या हातात दिला. मुलं रमली. गोळ्यात रंग मिसळले गेले, तिनंच नाव सुचवलं आणि १९५६ पासून तो खेळणं म्हणून विकला जाऊ लागला. बुडीत खातं बालवाडीनं वसूल केलं! हे वाचून मी घाईनं दुकानात जाऊन डब्याची किंमत पाहिली आणि त्याहून घाईनं परत आलो. आमच्या घरी पोळ्यांची कणीक रोज भिजतेच. तिच्यात थोडं मीठ घातलं, हळदीचा एक गोळा, बीटाचा एक. निनूनं साप केले, लाडू केले, 'बाबा' केला. बाबाचं पोट इतिहासाला धरून होतं.

आता माझी भीड चेपली. मी एकदम माँटेसोरीबाईंना हात घातला. मारिया माँटेसोरी १९३९ साली मद्रासला आल्या, मध्येच महायुद्ध लागलं, त्या इटलीच्या, म्हणजे शत्रुराष्ट्राच्या, म्हणून १९४६ पर्यंत इथेच राहिल्या आणि इथल्या शिक्षकांना शिकवत बसल्या. त्यांच्या पद्धतीत मुलं एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धान्य ओततात आणि म्हणे त्यात तासन्‌तास रमतात. मी निनूसमोर दोन वाट्या आणि मूठभर तांदूळ ठेवले. तो रमला. चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला तांदूळ प्लास्टरच्या तोंडातून आत. मग खाज, मग रडं, मग मी फूटपट्टी घेऊन धावलो, तर आई माझ्या अंगावर धावली. "त्यात काही घालू नकोस! डॉक्टरांनी बजावलंय!" रिक्षा करून दवाखाना गाठावा लागला. डॉक्टरांनी तांदूळ कसे गेले ते विचारलं. मी माँटेसोरींचं नाव घेतलं नाही. बाईंचा त्यात काही दोष नव्हता.

पण त्यांचा दुसरा खेळ मात्र लागू पडला. शांततेचा खेळ. वर्गातली सगळी मुलं निश्चल बसतात, बारीक बारीक आवाज ऐकतात, आणि बाई दुसऱ्या खोलीतून कुजबुजत एकेकाचं नाव पुकारते. आम्ही त्याची घरगुती आवृत्ती काढली. मी म्हणायचं, "निनू, ऐक." मग दोघांनी श्वास रोखायचा. "कुकल!" "बलोबल." "कावला!" "शाब्बास." "आजी घोलते!" हेही बरोबर. चाळीस वर्षं मी या घरात राहतोय, पण दुपारी तीन वाजता समोरच्या जांभळीवर तांबट ठोके देत बसतो, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. मी नेहमी त्या वेळी खिडकी क्रमांक चारवर असतो.

आपल्या ताराबाई मोडकांचीही आठवण इथेच झाली. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं, सोबत अनुताई वाघ. महागडी साधनं नाहीत, म्हणून त्यांनी आसपासची पानं, बिया, खडे हीच साधनं केली. मूल शाळेत येत नाही, तर वस्तीच्या अंगणात अंगणवाडी भरवली. मूल गुरं राखायला जातं, तर कुरणशाळा काढली. मूल जिथं असेल तिथं आपण जायचं, एवढं साधं. मी विचार केला, आमचं मूल दिवाणावर आहे. मग मीही खुर्ची सोडली आणि दिवाणावर गेलो. माझं साधनसाहित्य म्हणजे जुनी रंगीत चलनं, गुलाबी, पिवळी, पांढरी, आणि तारखेचा एक रबरी शिक्का. शिक्क्यावरच्या वर्षांची पट्टी २०१९ ला संपली, म्हणून बँकेनं त्याला मोडीत काढलं होतं. शाईऐवजी स्पंजवर बीटाचा रस. निनूनं चलनं रंगाप्रमाणे तीन टोपल्यांत लावली आणि एकूण एक चलनावर शिक्का मारला. कामाचा उरक पाहून मला आमच्या शाखेची लाज वाटली. चलनं संपल्यावर त्यानं प्लास्टरकडे पाहिलं. पांढरंशुभ्र, कोरं. मी नाही म्हणेपर्यंत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत तारखा पडल्या होत्या.

संध्याकाळी गोष्टींचा तास. इथंही इतिहास माझ्या बाजूनं होता. ४ सप्टेंबर १८९३ ला बिअट्रिक्स पॉटर या तरुणीला आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला पत्र लिहायचं होतं. नोएल त्याचं नाव, वय पाच. काय लिहावं सुचेना, म्हणून तिनं चार सशांची गोष्ट लिहिली आणि बाजूला चित्रं काढली. पत्र नोएलनं जपून ठेवलं म्हणून बरं. नऊ वर्षांनी, १९०२ मध्ये, त्याचंच 'पीटर रॅबिट' हे पुस्तक होऊन बाजारात आलं. स्वीडनमध्ये १९४१ साली अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनची मुलगी फुप्फुसाच्या आजारानं पडून होती. "गोष्ट सांग," म्हणाली आणि एक विचित्र नावही तिनंच दिलं. आई रोज त्या नावाची गोष्ट सांगत राहिली. १९४४ मध्ये बर्फावरून घसरून खुद्द आईचाच पाय मुरगळला, तेव्हा सक्तीच्या विश्रांतीत तिनं त्या गोष्टी लघुलिपीत उतरवल्या. 'पिप्पी लाँगस्टॉकिंग' पुढच्याच वर्षी छापून निघाली. लिंडग्रेनबाई कचेरीत काम केलेल्या, स्टेनोग्राफी जाणणाऱ्या, म्हणजे आमच्यातल्याच! माझी छाती फुगली. मीही एक गोष्ट रचली. तिच्यात एक हत्ती बँकेत खातं उघडायला जातो आणि त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो. निनूला ती फार आवडली. एकवीस दिवसांत हत्तीचं खातं काही उघडलं नाही.

मोजदाद करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. टाचण्यांचा हत्ती, भिंती पुसायचा गोळा, सुचेना म्हणून लिहिलेलं पत्र. यांतलं काहीच मुळात मुलाला बसवायचं यंत्र म्हणून बनलेलं नव्हतं. अमेरिकेत सॅन डिएगोच्या रुग्णालयात १९४८ साली एलिनॉर अ‍ॅबट नावाची निवृत्त शिक्षिका पोलिओतून बरी होत होती. वॉर्डात पोलिओची मुलंही होती. त्यांच्यासाठी तिनं रंगीत घरांवरून खाऊच्या देशात नेणारा एक सोपा पट आखला. वाचता यायला नको, मोजता यायला नको. रंग ओळखला की पुढे जायचं. ज्यांना चालता येत नव्हतं, ती मुलं पटावर चालली. 'कँडी लँड' म्हणून तो १९४९ मध्ये बाजारात आला. पण आधी तो एका रुग्णानं शेजारच्या रुग्णांसाठी केलेला होता. प्रत्येक नोंदीत खेळण्याच्या शेजारी कुणीतरी माणूस होतंच.

आणि मग मला उलटी नोंद सापडली. माणूस काढून घेतलं तर काय होतं, त्याची.

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या कित्येक रुग्णालयांत लहान मुलांना भेटायला आईबापांना आठवड्यातून काही ठरावीक वेळच परवानगी असे. आई आली की मूल रडतं, गेली की आणखी रडतं. न आलेली बरी, असा हिशेब. आई नसली की मूल एकदोन दिवसांत 'रुळतं'. जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाला ते रुळणं पटेना. त्यानं १९५२ साली दोन वर्षं पाच महिन्यांच्या एका मुलीवर चित्रपट केला. लॉरा तिचं नाव. हर्नियाचं छोटंसं ऑपरेशन, आठ दिवसांचा मुक्काम. निवडून निवडून रडण्याचे प्रसंग टिपले, असं कुणी म्हणू नये म्हणून तो रोज ठरलेल्या वेळी चित्रण करी, आणि चौकटीत भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं पाही. (व्हाउचरवर वेळ घालणारा माणूस! मला तो तत्काळ आवडला.) लॉरा फारशी रडत नाही. शहाण्यासारखी पडून राहते, हातात तिचं अस्वल. पण चेहरा दिवसागणिक मिटत जातो. आई आली की मूल तिच्याकडे धावण्याऐवजी तोंड फिरवतं. रॉबर्टसननं सांगितलं, की मूल आधी आक्रोश करतं, मग हताश होतं, मग मन तोडून घेतं, आणि आपण त्यालाच 'रुळलं' म्हणतो. डॉक्टरमंडळी आधी त्याच्यावर भडकली. पण १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानं आईबापांना मुलांजवळ मोकळेपणानं येऊ द्यावं अशी शिफारस केली, आणि वॉर्डांची दारं हळूहळू उघडली.

हेही मी सवयीनं आईला वाचून दाखवत होतो. दोन्ही हत्ती कुशीत घेऊन निनू झोपला होता. वाचून झाल्यावर आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू चार वर्षांचा होतास. मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला वजन बांधून ठेवलं होतं तुला."

"माहीत आहे. मला ते वजन आठवतं. आणि काड्यापेट्यांची आगगाडी आठवते."

"ती मीच केली होती. मोठ्या शिस्तीचं इस्पितळ होतं. भेटायची वेळ चार ते सहा. मी सकाळी दहालाच येऊन फाटकाबाहेर बसायची. नर्स म्हणायची, 'किती शहाणं पोर आहे हो तुमचं, अजिबात आवाज करत नाही.' मला बरं वाटायचं." आईनं पदर सारखा केला. "घरी आणला तुला, तर दोन दिवस तू माझ्याकडे बघितलं नाहीस. आगगाडी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचास. मला वाटायचं, माझं काय चुकलं?"

चाळीस वर्षांहून जुनी ती नोंद तिनं कुणाला दाखवली नव्हती. जुळत नसलेली रक्कम आम्ही 'सस्पेन्स' खात्यात टाकून ठेवतो, तशी तिनं ती मनात ठेवली होती. मी म्हटलं, "आई, तुझं काहीच चुकलं नव्हतं. चार ते सहाचं चुकलं होतं." ती "हं" म्हणाली. हिशेब लागला की नाही, ते मला कळलं नाही. पण त्या रात्री ती लवकर झोपली.

मला पहिल्या दिवशीचा निनू आठवला, मोबाइलसमोरचा, लाइट गेल्यासारखा. आणि त्यानंतरचा निनू, माझ्या मांडीला टेकून तांबट ऐकणारा. आवाज तर दोघांचाही येत नव्हता. पण एक गप्प होता आणि दुसरा शांत. डॉक्टर 'शांत ठेवा' म्हणाले होते. मी पहिल्या दिवशी त्याला गप्प ठेवलं होतं.

एकविसाव्या दिवशी प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी करवत हातात घेतली आणि थबकले. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फिकट गुलाबी तारखा, सगळ्या एकच, ३१ मार्च २०१९. "अहो, ही ठेव तर केव्हाच मॅच्युअर झालेली आहे," म्हणाले. आत तांदळाचे तीन दाणे निघाले. प्लास्टर निघाल्यावर निनू चालेना. पाय टेकवायला भ्यायचा, ढुंगणावर सरकत जायचा. माझा चेहरा पाहून डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की काही दिवस लंगडेल, सरकेल, घाई करू नका. पाचव्या दिवशी कुकरची शिट्टी झाली. "कुकल!" असं ओरडत तो उभा राहिला आणि स्वयंपाकघरापर्यंत लंगडत गेला. वाटेत आपण चालतोय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आमच्या तिघांच्या आलं. कुकरच्या पुढच्या शिट्ट्या कुणीच मोजल्या नाहीत, आणि त्या दिवशी वरणात डाळ शोधावी लागली.

सोमवारी मी कामावर निघालो. चपला घालतोय तोच मागून पाय घासत निनाद आला. "बाबा नाय जायचं! बाबा बस!" आणि त्यानं जे भोकाड पसरलं, ते चौथ्या मजल्यापर्यंत गेलं. शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. सौ. त्याला उचलायला धावली, "अगं बाई, गप्प, गप्प!"

आई आतून काठी टेकत आली आणि म्हणाली, "गप्प नको करू गं त्याला. रडू दे. रडतोय ते चांगलंय."

मी बँकेत वीस मिनिटं उशिरा पोचलो. मॅनेजरसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चार नंबरच्या खिडकीसमोर रांग लागली होती. पहिलेच एक आजोबा पुढे झाले आणि म्हणाले, "जरा एक लाख रुपये ठेवा हो."

मी फॉर्म काढला. शांत ठेवायचे का, असं विचारणार होतो. पण गप्प बसलो.